नवा बाळंतविडा

बाळंतविडा ही आपल्याकडची फार समजूतदार चाल. बाळ-बाळंतिणीला पाहायला जायचे तर रिकाम्या हाताने जायचे नाही, आणि न्यायचे ते उपयोगी पडेल असेच न्यायचे, एवढाच तिचा अर्थ. दोन झबली, एक कुंची, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, झाला बाळंतविडा. आमची उमरी म्हणजे नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे, मुदखेड आणि धर्माबाद यांच्या मधले तालुक्याचे गाव. काही विशेष घ्यायचे झाले तर गाडीत बसून नांदेड गाठायचे आणि वजिराबादेत हिंडून यायचे. आता तेवढी तसदीही उरली नाही. फोनवर बोट ठेवले की खोके दारात येऊन पडते. बाळाच्या आधी बाळाची यादी घरात शिरते.

अशी एक यादी मध्यंतरी ओळखीच्या एका घरी पाहिली. सून पहिलटकरीण, मुलगा शाळेत मास्तर. यादीत वॉकर, दुधाच्या चार बाटल्या, पावडर, ग्राइप वॉटर, असे बरेच काही होते. खाली सासूबाईंच्या अक्षरात आणखी चार नावे: मध, वेखंड, काजळाची डबी आणि राईची उशी. सून म्हणे, हे सगळे जुनाट. सासूबाई म्हणत, ते सगळे नखरे. एक महिन्याचा पगार आणि घरातली शांतता, दोन्ही त्या कागदावर टांगलेली होती. दोघींनी माझ्याकडे पाहिले. मला मात्र दोन्ही याद्यांना कात्री लावावीशी वाटली.

वस्तू जुनी की नवी, हा प्रश्नच चुकीचा. विचारायचे ते एवढेच: ही बाळाच्या कामाची आहे, की बाळाभोवतीच्या मोठ्या माणसांच्या?

या कसोटीला पहिल्यांदा घासून पाहाव्यात त्या बाळाला गप्प करण्याच्या वस्तू. मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी आया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' चाटवून पाळीवर जात. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक बाळाला अफू मिळत असल्याचे त्यांना आढळले. त्या आया काही निर्दय नव्हत्या. बाळाला घ्यायला घरी दुसरे हात नव्हते, म्हणून गोळी होती. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने जास्त स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले, ते याच उणिवेवरचे खरे औषध होते.

अफू गेली, पण मूल निजवण्याचा मोह काही गेला नाही. घुटीत जायफळाचे चार वेढे जास्त पडतात, ते त्याचपायी. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडात निघाले, त्या मूळ औषधात दारू होती. ती पुढे काढून टाकली; मग उरले ते गोड पाणी, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधावाचून साधे पाणीही नको, असे डॉक्टर सांगतात. घुटी आणि मध यांनाही तोच नियम. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजून अंग लुळे पाडणारे विष तयार करतात. तेव्हा सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची हौस पहिल्या वाढदिवसापर्यंत राखून ठेवावी.

खोकल्याच्या औषधाची गोष्ट तर याहून भयंकर. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे रसायन निघाले. मुलांना झाले होते काय? साधा सर्दी-खोकला. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधे देऊच नयेत. मागच्या खेपेची अर्धी बाटली फळीवर असेल, तर ती आजच टाकून द्यावी.

आता दुधाच्या बाटलीकडे वळू. १९९२ साली आपल्याकडे एक कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. त्यान्वये बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत, आणि पावडरीच्या डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्रही छापता येत नाही. सरकारने इतकी काळजी का घ्यावी? कारण बाटलीच्या बुचात आणि रबरात दूध आंबते, ते नीट निघत नाही, आणि हगवण सुरू होते. आईला दूध पुरत नसेल, किंवा डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले असेल, तर त्यात कमीपणा कसला? मात्र ते उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने द्यावे. आपल्या आज्यांचे बोंडले उघडे असे, आतून बोट फिरवून घासता येई. ती अक्कल बाटलीत नाही.

वॉकरचेही तसेच. आपला लाकडी पांगुळगाडा आठवून पाहा. त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, तोल सांभाळते, पडते, पुन्हा उठते. वॉकरमध्ये मूल बसलेले असते. पायाने जमीन रेटीत सुसाट जाते आणि पायऱ्यांवरून खाली येते, किंवा हात लांबवून गरम चहा अंगावर ओढून घेते. चालायला लवकर येते म्हणावे, तर तेही नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. मग तो लोक घेतात का? आईला स्वयंपाकाला दोन्ही हात मोकळे मिळतात म्हणून.

बाकीच्यांचा निकाल झटपट लावू. पावडरीची धूळ बाळाच्या फुफ्फुसात जाते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली जॉन्सन बेबी पावडरीचा परवाना रद्द केला होता आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. कंपनीने शंखजिऱ्याची पावडर २०२३ पासून जगभर बंद करण्याचे आधीच जाहीर केले होते. कोर्टात कोणी का जिंकेना, कोरडे पुसलेल्या अंगाला पावडर लागतच नाही. विकतच्या काजळात आणि सुरम्यात शिसे असू शकते, घरच्या काजळाबरोबर बोटाची घाण डोळ्यात जाते. दृष्टीची भीती वाटतच असेल, तर तीट कानामागे लावावी. पहिल्या वर्षात उशी नको, राईचीही नको. बाळ सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. झोपताना गळ्यातला दोरा काढावा. आणि बंद खोलीत शेगडी पेटवून ओव्याची धुरी देऊ नये. धूर बाळाला पोषक नसतो, मग तो कितीही सुवासिक असो. खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, तो पाहूनच खेळणे घ्यावे.

मग घ्यावे तरी काय? सुती लंगोट आणि दुपटी भरपूर. एक चांगली मच्छरदाणी, कारण पावसाळ्यात आमच्याकडे तिच्यावाचून गत्यंतर नाही. ताप पाहायला थर्मामीटर, पुढे कामी येतील म्हणून ओआरएसच्या पुड्या, आणि लसीचे कार्ड, जे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बस्स. ताप आला, अंगावर पिईनासे झाले, हिरवी उलटी झाली, तर बाळ थेट डॉक्टरकडे न्यावे. बाकी वेळी रडणे हे बाळाचे बोलणेच असते.

पण यादीला कात्री लावून काम संपत नाही. आईचे हात मोकळे व्हायला हवेत, ही गरज खरी आहे. गिरणीतल्या बाईची ती होती, मास्तरांच्या घरातल्या सुनेचीही आहे. ती भागली नाही, तर यादी पुन्हा दारात येईलच. बाळगोळीच्या जागी हल्ली बाळापुढे फोन धरला जातो, तो याचमुळे. म्हणून या दिवाळीत ज्यांच्या नात्यात नवे बाळ आले असेल, त्यांनी खोके पाठवू नये. दुपारी दोन तास जाऊन बसावे. बाळ मांडीवर घ्यावे, लंगोट बदलावा, धुणे वाळत घालावे, आणि बाळंतिणीला निवांत झोपू द्यावे. मास्तरांनीही शाळेतून आल्यावर तासभर बाळ घ्यायला हरकत नाही. लाडू नेलेत तर उत्तमच.