मधल्या रस्त्याचा निबंध



सातवीच्या 'आमची सहल' या निबंधाच्या वह्या तपासायला बसले, की पहिल्या दहा वह्यांतच मला जांभया येतात. पहाटे उठलो, गाडी सुटली, गाणी म्हटली, ठिकाण आले, खूप मजा आली. सुटल्यापासून पोचेपर्यंतचा दोनशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता 'गाणी म्हटली' या दोन शब्दांत संपतो. यात मुलांची काय चूक? आपणच त्यांना तसे नेतो. मधे थांबायचे ते चहा-नाश्त्याला, नाहीतर कोणाला उलटी झाली म्हणून. सहलीच्या वेळापत्रकात रस्ता हा वाया जाणारा वेळ असतो आणि 'पॉइंट' हा खरा.

मीही याच मताची होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रेल्वेने जैसलमेरला गेलो आणि तिथून भाड्याच्या गाडीने कच्छमधल्या मांडवीपर्यंत, म्हणजे वाळवंटातून थेट समुद्राला. गाडीत मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. परत आल्यावर माझे मत बदलले, म्हणून हे लिहिते आहे. सहलीतले एखादे मोठे ठिकाण सरळ गाळावे आणि तो वेळ मधल्या थांब्यांना द्यावा, असे मला आता वाटते.

पहिला थांबा तर आम्ही जवळजवळ चुकवलाच होता. जैसलमेरहून बाडमेरकडे निघाले, की सतरा-अठरा किलोमीटरवर आकल गाव लागते. तिथे दगड झालेल्या झाडांचे उद्यान आहे. ड्रायव्हर म्हणाला, "वहाँ कुछ नहीं है, मॅडम." खरेच, उजाड टेकाड आणि पत्र्याच्या छपराखाली जाळीत ठेवलेली खोडे, इतकेच. पण ही खोडे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. आज जिथे बाभळीलाही सावली पुरत नाही तिथे तेव्हा उंच झाडांचे जंगल होते. पुढे त्याच भागावर समुद्र आला. जैसलमेरचा जो पिवळा दगड आपण 'सोनेरी किल्ला' म्हणून बघायला जातो, तो त्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे. हे मी मुलाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे आपण समुद्रातूनच निघालोय?" 'वाळवंट म्हणजे कमी पावसाचा, वाळूचा प्रदेश' ही व्याख्या इतकी वर्षे मी पाठ करून घेते आहे. त्या व्याख्येतून असा प्रश्न कधी आला नव्हता.

बाडमेरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत आम्ही शेतातल्या एका झाडाखाली उभे राहिलो. सासूबाई फांदी हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, ही तर शमी!" राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात. आपण दसऱ्याला जिची पूजा करून मोकळे होतो, तिच्यावर या भागातली माणसे आणि जनावरे जगतात. तिचा पाला शेळ्या-उंटांना, तिच्या शेंगांची सांगरीची भाजी माणसांना. मुळे इतकी खोल, की उन्हाळ्यात सगळे वाळले तरी ही हिरवी. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली याच झाडांसाठी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले, असा तिथला इतिहास सांगतात. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, पण ती झाडे म्हणजे आपली शमी, हे मला सासूबाईंनी पंक्चरच्या कृपेने दाखवले. भूगोलाची बाई म्हणून थोडी लाजच वाटली.

त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. आपल्या परिसर अभ्यासात पवनऊर्जेचे फायदे लिहायला सांगतात, चार मुद्दे, चार गुण. इथे पाचवा मुद्दा निघतो. माळढोक हा पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा पक्षी. डोळे बाजूला असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना पटकन वळता येत नाही. तो तारांवर आदळून मरतो. देशात मिळून आता दोनशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या माळावर आहेत. तारा जमिनीखाली घाला, असे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०२४मध्ये त्यात बदल केला, कारण सौर आणि पवनऊर्जाही देशाला हवीच आहे. सातवीच्या मुलांना हा पेच कळतो, शंका नको. कोणाची बाजू घ्यायची यावर आमच्या गाडीत सांचोरपर्यंत भांडण चालले.

आणि इथेच माझी चूक कबूल करते. माळढोकांचा तो माळ पाहायला आम्ही गेलोच नाही. सम गावच्या वाळूवर उंटाची फेरी, जीप, सूर्यास्त आणि फोटो यांत ती संध्याकाळ गेली. मी सोलापूरची. नान्नजचे माळढोक अभयारण्य आमच्यापासून तासाभराच्या आत. शाळेच्या भिंतीवर माळढोक रंगवलेला आहे, पण आमच्या मुलांपैकी एकानेही तो पाहिलेला नाही आणि नान्नजला आता तो दिसणे नशिबाचीच गोष्ट. पाहता येण्याची शक्यता होती त्या एका संध्याकाळी मी मुलाला जीपमध्ये बसवले.

बाडमेरच्या पुढे लुणी नदी ओलांडली. पुलाखाली पाणी नव्हते, काठाच्या मातीवर पांढुरकी साय. ही नदी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, बालोतऱ्यापर्यंत गोडी असते, पुढे खारी होत जाते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात संपते. 'नदी शेवटी समुद्राला मिळते' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! मुलाने माती जिभेला लावून बघितली. मी ओरडले नाही, एवढेच माझे श्रेय.

रण बघून मात्र गाडीतल्या मोठ्यांची निराशा झाली. जाहिरातीतले पांढरेशुभ्र मीठ दिसेल अशी अपेक्षा होती. खडीर बेटावरून धोलावीरा पाहून खावड्याकडे जाणारा रस्ता रणाच्या मधून जातो. दिवाळीत तिथे दोन्ही बाजूंना अजून पावसाळ्याचे पाणी होते, कडेला नुकता मिठाचा थर धरू लागलेला. नवरा म्हणाला, "महिनाभर लवकर आलो." मला वाटते अगदी वेळेवर आलो. पुरते वाळलेले रण म्हणजे उत्तर. ते वाळताना पाहिले, की मीठ कुठून येते ते वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही तिथे पाऊण तास थांबलो. पहिली दहा मिनिटे मी काहीही समजावून सांगितले नाही, आणि आपल्या जमातीला हे किती कठीण जाते ते तुम्हाला ठाऊक आहे.

बन्नीच्या गवताळ माळावर वेड्या बाभळीचे रान पसरलेले पाहिले. खारेपण पुढे सरकू नये म्हणून लावलेले हे परदेशी झाड आता गवतच गिळत चालले आहे. दिसायला ती शमीची बहीण वाटते. सासूबाई म्हणाल्या, "सवत म्हण."

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे घरच्या गाडीचे झाले, पन्नास मुलांच्या एसटीचे काय? अडचणी खऱ्या आहेत. रस्त्याच्या कडेला मुले उतरवायची म्हणजे जीव मुठीत. ऊन, पाणी, मुलींची सोय, परवानगीचा कागद. शिवाय एकदा आमच्या सहलीत अर्धा तास ओढ्याकाठी थांबलो, तर दुसऱ्या दिवशी एक पालक विचारायला आले, "एवढे पैसे भरून पोरांना झाडाखाली उभं केलं?" पालकहो, तुमच्या या प्रश्नाच्या भीतीनेच निम्म्या सहली वॉटरपार्कला जातात.

राजस्थानला जायची गरजही नाही. सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत उंब्रजला या, पुढे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर. माणदेशात वर्षाला जेमतेम पाचशे मिलीमीटर पाऊस, कोयनेला जवळपास दहापट. म्हसवडजवळचा राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव, कोयनेचे खोरे आणि घाट उतरल्यावरची तांबडी माती, असे तीनच थांबे घ्या, जागा आधी जाऊन हेरा. प्रत्येक ठिकाणी मूठभर माती पिशवीत घ्यायला सांगा आणि गुहागरच्या वाळूवर सगळ्या पिशव्या ओळीने मांडा. एका रात्रीचा मुक्काम वाढेल, खर्चही. त्याबदल्यात पार्क गाळा.

मांडवीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. किनाऱ्यावरही उंटाची फेरी होतीच. उंटवाल्याने सांगितले, की कच्छमध्ये खाराई नावाचे उंट असतात, ते खाडीत पोहत जाऊन तिवरांचा पाला खातात. त्याचे म्हणणे खरे आहे. २०१५मध्ये त्या उंटांना स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली. आम्हाला ते दिसले नाहीत. मुलगा अंधार पडेपर्यंत पाण्याकडे बघत बसला होता.

सुट्टीनंतर त्याला शाळेत निबंध होता, 'मी पाहिलेला समुद्रकिनारा'. त्याने चार पाने लिहिली. लुणीवर एक पान, शमी आणि तिच्या सवतीवर एक, पोहणाऱ्या न पाहिलेल्या उंटांवर दीड. समुद्राला शेवटच्या तीन ओळी. खाली लाल शाईत शेरा आला: 'विषयाला धरून लिही. समुद्राचे वर्णन वाढव.' वही बंद करताना आठवले, मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने सहलीच्या निबंधात वाटेतल्या वीटभट्टीवर पानभर लिहिले होते, आणि तिच्या वहीत हाच शेरा माझ्या हातचा आहे.