नाल ठोकण्याआधी हिशेब मांडा



सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणला की पहिलं बोलावणं नालबंदाला जातं. नाल कशासाठी, असं विचारलं तर उत्तर एकच मिळतं : सगळे ठोकतात म्हणून. पिकाचा हिशेब मागायला आपण शिकलो. हा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे. तो नखासारखा वाढतो, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. मोकळ्या पायानं चालणाऱ्या घोड्याचा खूर वाढतो तसा झिजतो. पाय टेकला की खूर किंचित फाकतो, तळव्याची गादी दबते आणि धक्का जिरतो. लोखंड जखडलं की हे फाकणं कमी होतं, झीज थांबते आणि खूर नुसता लांबत जातो. म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी नाल काढा, तासा, पुन्हा ठोका. त्यात एखादा खिळा जिवंत भागात गेला तर घोडा लंगडतो. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारं धनगराचं तट्टू लंगडलं, तर सगळा वाडाच अडकून पडतो.

याचा अर्थ आज घरी जाऊन नाला उपटा, असा नाही. दिवसभर डांबरी सडकेवर टांगा ओढणाऱ्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा जास्त झिजतो. त्याला लोखंड लागेल. पण ज्याचं काम माती-मुरमावर आहे, त्याला बारमाही नाल कशाला? मात्र सवय मोडायला काही महिने लागतात. तोवर ओझं कमी, चाल मऊ जमिनीवर.

अनवाणी ठेवणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. खूर रोज उचलून साफ करा. महिना-दीड महिन्यानं कानशीनं कडा गोल करा. तळवा खरवडू नका. मुतानं-शेणानं ओली जागा खूर कुजवते. धान्य आणि गूळ यांचा अतिरेक झाला तर खुराला आतून सूज येते. तिथं नुसती नाल किंवा नुसती कानस पुरत नाही. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफॉननं लिहून ठेवलं, की घोडा उभा राहतो तिथं गोल गोटे पसरावेत, खूर कणखर होतात. आपल्या म्हाताऱ्यांनी तर एका ओळीत सांगितलं : घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? न फिरवल्यामुळं!

नालबंद आपला वैरी नाही. खूर तासण्याचं कसब त्याच्याच हातात आहे. त्या कसबाचे पैसे द्या, लोखंडाचे नव्हे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यानं नालबंदांना सोबत घेऊन खूर तासण्याची शिबिरं भरवावीत, असा ठराव या मेळाव्यात मांडू या. ठराव होईल तेव्हा होईल. आज घरी गेल्यावर घोड्याचा पाय उचलून बघायला कोणाची परवानगी लागत नाही.