पडद्यावरचा हिरवा रंग

मोटारीचे दार पत्र्याच्या एका सपाट तुकड्यातून घडते. पंच आणि डाय यांच्यात पत्रा दाबला जातो, तेव्हा कुठे तो ताणून पातळ होतो, कुठे सुरकुततो, कुठे फाटतो. पूर्वी हे डाय तयार झाल्यावरच कळे. मग टूलरूममधला जुना फिटर डाय घासत आणि पुन्हा पत्रा दाबून पाहत बसे. आता डायचे पोलाद कापण्याआधीच संगणक पत्र्याचे हजारो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण काढतो. पडद्यावर हिरवा रंग दिसला की ठीक, लाल दिसला की फाटणार!

ही सोय मोठीच आहे. पण त्या हिरव्या रंगावर भिस्त किती ठेवायची? संगणकाला पत्रा ठाऊक नसतो, आपण सांगू तेवढेच त्याला कळते. लाटलेला पत्रा सगळ्या दिशांना सारखा ताणला जात नाही. कापड उभे, आडवे आणि तिरके ओढून पाहा, म्हणजे लक्षात येईल. रॉडनी हिल यांनी १९४८ साली यासाठी मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. मात्र त्यात घालायचे आकडे मिळवायला पत्र्याच्या तीन दिशांनी पट्ट्या कापून त्या ओढून पाहाव्या लागतात. हे टाळून सॉफ्टवेअरमधल्या तयार यादीतले आकडे उचलणे फार सोपे असते. वंगणाचेही तसेच, घर्षणाचा आकडा तर पुष्कळदा अंदाजानेच भरला जातो.

शिवाय दाब काढताच पत्रा थोडा मागे उसळतो. यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात. १९९३ साली जपानमधल्या नुमिशीट परिषदेत एका साध्या वाकवलेल्या पट्टीचे हेच गणित अनेकांना घातले होते, तर उत्तरांत मोठी तफावत निघाली. तंत्र नंतर बरेच सुधारले. पण गाड्या हलक्या करण्यासाठी आलेले अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांशच ताठ असते, म्हणून ते जास्त उसळते.

फाटलेला पत्रा निदान दिसतो तरी. नको तितका पातळ झालेला भाग मात्र तपासणीतून निसटून गाडीत बसू शकतो, आणि अपघातात धक्का त्यालाच सोसायचा असतो. म्हणून सिम्युलेशनचा अहवाल मागणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी पत्र्याच्या चाचणीचा खर्चही उचलावा. तो छोट्या कारखानदाराच्या माथी मारू नये. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर रंगीत चित्राच्या आधी, आकडे कोणत्या कॉइलवर आणि कधी मोजले, ते छापावे.