सहल वाशीमचीच का नको?

ऐतिहासिक शहर पाहायचे म्हटले की आपण वाशीमकर लगेच गाडीत बसतो. अजिंठा, रायगड, जमल्यास दिल्ली-आग्रा. पाहण्याजोगे जे काही आहे ते आपल्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेरच असणार, अशी आपली ठाम समजूत. ती चुकीची आहे, असे मला नम्रपणे सांगावयाचे आहे.

माझ्या वडिलांना वाशीम म्हणजे बाजार समिती, तहसील आणि दवाखाना. सोयाबीन विकायचे, सातबारा काढायचा आणि शेवटच्या एस.टी.ने परतायचे. आमच्या घरातून नुसते पाहण्यासाठी या शहरात कधी कोणी आलेच नाही. घरातला कॉलेजात आलेला मी पहिला. म्हणून हे शहर काय आहे ते मला पुस्तकातून कळले.

वाशीम म्हणजे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली येथे सापडला. राजाच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी तो वत्सगुल्माहून दिला गेला. संस्कृतबरोबर प्राकृतही त्यात आहे. नांदेडकडील एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची ती नोंद. सोळाशे वर्षांपूर्वीचा सातबाराच म्हणा ना! या राजाचा पिता सर्वसेन याने प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य रचले. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मातच लावले आहे. साहित्याच्या वर्गात बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवले ते याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने. म्हणजे अजिंठ्याला जाऊन आपण आपल्याच राजाच्या सचिवाचे दान पाहतो आणि परत आल्यावर म्हणतो, “वाशीममध्ये आहे काय?”

कोणी विचारील, वाकाटकांचा राजवाडा दाखवाल का? नाही. पण १७७९ साली भवानी काळू यांनी बांधलेले बालाजी मंदिर आहे, पद्मतीर्थ आहे. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहे. कारंजा ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. तेथील जैन भांडारांनी जपलेल्या पोथ्यांमुळे अपभ्रंश काव्ये अभ्यासकांच्या हाती लागली. पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी; साऱ्या देशातला बंजारा समाज तेथे येतो. इतके पंथ, इतक्या भाषा एका जिल्ह्यात नांदल्या!

आता पैशाचे बोलतो. दूरच्या सहलीची वर्गणी सर्वांना परवडत नाही. सूचना वाचून मुकाट्याने स्टँडची वाट धरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. एस.टी.चे तिकीट आणि घरची भाकरी एवढ्यावर होणारी सहल त्यांनाही आपली वाटेल. दूरच्या सहली बंद करा असे मी म्हणत नाही. पण पहिल्या वर्षाची पहिली सहल जिल्ह्यातलीच असावी.

प्राध्यापकांनी त्या दिवशी ताम्रपटाचा मजकूर आम्हाला वाचून, उलगडून दाखवावा. आम्ही आपापल्या गावातली जुनी देवळे, विहिरी, शेतांची नावे टिपून आणू. राजाने दान दिलेल्या गावाची नोंद तांब्यावर राहिली. ते गाव कसणाऱ्यांची राहिली नाही. ती कोणी लिहायची, तर आपणच लिहायची.