एकच राग, चार गळे!

एखाद्या जुन्या गाण्याचं नवं व्हर्जन आलं, की कॉलेजच्या कट्ट्यावर काय होतं ते आठवा. एक जण म्हणतो, ओरिजिनलची मजा नाही. दुसरी म्हणते, आधी अनप्लग्ड ऐक, मग बोल. तिसरा मोबाइल काढून दोन्ही लागोपाठ वाजवतो, अंतऱ्यापाशी थांबवतो आणि म्हणतो, ‘‘इथे बघ, इथे त्याने वेगळं घेतलंय.’’ लेक्चर बुडतं, वाद काही मिटत नाही. पण या वादात तुम्ही एक गोष्ट अगदी सहज करत असता. चाल तीच, शब्द तेच, मग फरक नेमका कुठे पडला, हे कान देऊन शोधत असता.

शास्त्रीय संगीताची वेळ आली, की आपण हेच विसरतो. तिथे एकदम शिस्तीत, हात जोडून बसतो. ‘बेस्ट ऑफ’ नावाची एखादी प्लेलिस्ट लावतो. सबमिशन पूर्ण करताना ती मागे वाजत राहते. संपली की अ‍ॅप आपल्या मनाने पुढची लावतं. कोण गात होतं, राग कुठला होता, पत्ता नसतो. मग कुणी विचारलंच, तर ‘‘क्लासिकल ना? छान असतं, शांत वाटतं’’ यापलीकडे आपल्याकडे बोलायला काही उरत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. हे गाणं खरंच कळायला हवं असेल, तर शंभर राग एकेकदा ऐकू नका. एक राग निवडा आणि तो तीन-चार जणांकडून ऐका. शेजारी शेजारी ठेवून ऐका. आणि जे जमवाल त्यावर नाव-गाव लिहून ठेवा. रागाचं व्याकरण येत नसलं तरी चालेल. फरक ऐकायला व्याकरण लागत नाही, हे कट्ट्यावर तुम्ही रोज सिद्ध करताच.

सुरुवात तीन मिनिटांपासून

गदगच्या एका शाळकरी मुलाने उस्ताद अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकली आणि असं गाणं शिकायचंच म्हणून अकराव्या वर्षी घर सोडलं. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे त्यांना गुरू मिळाले ते सवाई गंधर्व, म्हणजे करीमखाँसाहेबांचेच शिष्य. आणि ज्या ठुमरीने घर सोडायला लावलं, ती भीमसेनजींनी स्वतःही गायली. दोन्ही ध्वनिमुद्रणं आज तुमच्या मोबाइलवर मिळतात.

ती लागोपाठ लावा. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार; स्वर कुठून आला ते कळूही न देता येऊन थांबतो. भीमसेनजींचा आवाज रुंद आणि वजनदार. तोच स्वर ते छातीपासून उचलतात. पहिल्यांदा ऐकताना ही दोन वेगळी गाणी वाटतील. तिसऱ्यांदा ऐकताना कळायला लागेल, की स्वरावर रेंगाळण्याची ओढ मात्र एकच आहे. घराणं म्हणजे काय, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या जोडीतून लवकर समजतं.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटने एका बाजूला पाऊण तास दिला. त्यामुळे जुन्या रेकॉर्डमध्ये सावकाश आलाप नाही, म्हणून त्या गायकाला आलापीच येत नव्हती, असा निकाल देऊन मोकळे होऊ नका. गाणं किती वेळाचं असावं, हे तेव्हा यंत्र ठरवत होतं. आज रील ठरवतं, एवढाच फरक.

न ऐकलेला गुरू शोधायचा

या खेळातली सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ १९४६ साली मुंबईत गेले. त्यांची रेकॉर्ड बाजारात कधी आलीच नाही. म्हणजे ज्यांनी महाराष्ट्र-गोव्याच्या गाण्यावर इतकी खोल छाप सोडली, त्यांचा आवाज रेकॉर्ड लावून ऐकण्याची सोयच नाही. मग ते गात कसे असतील?

इथे तुलना कामाला येते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी खाँसाहेबांच्याच शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर यांना विद्या मिळाली ती खाँसाहेबांच्या मुलांकडून, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून. आता ‘नट कामोद’ हा या घराण्याचा आवडता जोडराग घ्या. केसरबाईंची छोटी रेकॉर्ड आणि मन्सूरांचं मोठं ध्वनिमुद्रण शेजारी ठेवा. केसरबाईंचा आकार मोकळा, भरदार, कुठेही न तुटणारा. मन्सूरांच्या जागा लहान आणि गुंतागुंतीच्या. सम कुठून गाठतील याचा अंदाज येत नाही. पण राग उलगडायची रीत, लयीशी बांधून घेतलेला स्वर, एकातून दुसरी निघणारी तान, हे दोघांकडे सारखं सापडतं.

जे दोघांत सारखं आहे, ते बहुधा वरून आलेलं. जे वेगळं आहे, ते ज्याचं त्याचं. गणितात सामाईक अवयव काढतो ना, तसंच. गुरूचा आवाज यातून ऐकू येत नाही, पण त्याची सावली नक्की दिसते. मग मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर ऐका. आईकडून आलेल्या विद्येचं त्यांनी पुढे काय केलं, काय जपलं आणि काय मोडून नव्याने बांधलं, हा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडेल. असा प्रश्न पडणं, ही रसिकतेची सुरुवात.

घड्याळ लावून ऐका

‘‘फरक जाणवतो, पण सांगता येत नाही,’’ असं बरेच जण म्हणतात. त्यावर सोपा उपाय आहे : वेळ लिहा. उस्ताद अमीरखाँ यांचा मारवा घ्या आणि वसंतराव देशपांडे यांचा मारवा घ्या. मारव्यात पंचम वर्ज्य आणि षड्जावर टेकायची फारशी मुभा नाही, त्यामुळे हा राग मुळातच अस्वस्थ. अमीरखाँ झुमऱ्याच्या संथ लयीत ती अस्वस्थता पसरत नेतात. वसंतराव तिला अंगावर घेतात.

पण माझे हे शब्द राहू द्यात बाजूला. वहीत दोन रकाने आखा. तार षड्ज पहिल्यांदा कितव्या मिनिटाला लागला? पहिली तान कधी आली? लय कुठे वाढली? तबला कधी पुढे आला? हे आकडे समोर ठेवले, की ‘छान वाटतं’च्या जागी तुमच्याकडे बोलायला मुद्दे असतील. फक्त त्यातून ‘कोण भारी’ हे ठरवायला जाऊ नका. गुणतालिका क्रिकेटला शोभते. इथे प्रश्न ‘कोण जिंकलं’ हा नाही, ‘याने असं का केलं’ हा आहे.

नाव सांगा राव!

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिच्या रेकॉर्डच्या शेवटी ती इंग्रजीत मोठ्याने स्वतःचं नाव सांगते. कारण व्यावहारिक होतं. रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिराला आवाज कुणाचा हे कळायला हवं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी तो आवाज कुणाचा याबद्दल शंका नाही.

आता तुमच्या मोबाइलमधल्या फाइल बघा. ‘राग यमन फुल’, ‘ऑडिओ ०७’, ‘रेअर मैफल’. गायक कोण, साथ कुणाची, साल कोणतं, काही नाही. एकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर फिरत असतं. वेग चुकलेला असतो तो वेगळाच. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या रेकॉर्ड काही नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्या नाहीत. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला, की पांढरी एकची काळी एक होते. आवाज अधिक बारीक आणि तान अधिक जलद वाटते. आणि आपण त्यावरून मतं बनवतो!

म्हणून साधी एक शीट बनवा. राग, गायक, तबला, हार्मोनियम, कुठे, कधी, किती मिनिटं, आणि आपल्याला कुठून मिळालं. माहीत नसेल तो रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. अ‍ॅपवरची गाणी उद्या हक्कांच्या कारणाने गायब होऊ शकतात. तुमची नोंद गायब होणार नाही. ती हातात असली, की तेच ध्वनिमुद्रण पुन्हा शोधता येतं. हौशी माणसांनी एकत्र येऊन असं काम केल्याचं उदाहरण इथलंच आहे. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ जुन्या रेकॉर्डची माहिती जमवतेय.

आणि हो, घरातलं कपाट उघडा. आजोबांनी किंवा मामांनी भरून ठेवलेल्या कॅसेट्स कुठेतरी खोक्यात पडलेल्या असतील. आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, आणि चालू स्थितीतला प्लेयर मिळणं दर वर्षी अवघड होत चाललंय. रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोहोचा. प्लेयरपासून लॅपटॉपपर्यंत एक केबल आणि रेकॉर्डिंगचं एखादं फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. आधी कॅसेटच्या कागदाचा फोटो काढा. हस्ताक्षरातली ती तारीख गाण्याइतकीच मोलाची असते. ज्यांनी ती भरली, त्यांना आजच विचारा : ही मैफल कुठली, साथीला कोण होतं? हे सांगणारी माणसं कायमची नसतात. फक्त खासगी मैफल परस्पर अपलोड करू नका. गाणाऱ्याची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घेणं, ही साधी सभ्यता आहे.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, असं विचाराल. एका वेब सीरिजचा एक भाग सोडा, तेवढ्यात काम होतं.

तर या रविवारचा गृहपाठ. राग मालकंस. केसरबाईंची छोटी रेकॉर्ड, मग अमीरखाँ, मग भीमसेन जोशी. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत, पाचच स्वर आहेत. चौथ्या किशोरीताई, पण त्यांचा ‘संपूर्ण मालकंस’ लावा. नावात ‘संपूर्ण’ का आहे, आणि ते जास्तीचे स्वर येऊनही मालकंस मालकंसच कसा राहतो, ते ऐकून शोधा. शीट भरा. सोमवारी कट्ट्यावर वाद घालायला विषय तयार असेल.