मनगटावरचा पट्टा आणि कोरा अहवाल

निर्यातीच्या द्राक्षाचा इतिहास आज सांगता येतो. अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीवर बाग नोंदवली जाते, प्लॉटवार नमुने प्रयोगशाळेत जातात आणि एखाद्या औषधाचा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम अंशही मालाचा निकाल लावू शकतो. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’च्या अंशामुळे युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा नाशिक जिल्ह्याला याचा मोठा चटका बसला. त्याच बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांवर पेस्ट लावणाऱ्या, पुढे घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवणाऱ्या मजुराच्या अंगात काय गेले, याची मात्र कुठेच नोंद नसते. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे येणारी टोळी हंगामात कितीतरी प्लॉट फिरते. तिचा प्लॉट नंबर कोणता?

ही पोकळी भरायला एक साधन आहे. साधा सिलिकॉनचा पट्टा. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात किम अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गरम डांबराने छप्पर घालणाऱ्या कामगारांच्या हातात त्यांनी हे पट्टे घातले होते. हवेतली आणि कातडीवरची कितीतरी सेंद्रिय रसायने सिलिकॉनमध्ये मुरतात. मग पट्टा हवाबंद पाकिटात प्रयोगशाळेत जातो आणि द्रावकाने ती रसायने काढून मोजली जातात. पुढे सेनेगलमधल्या ३५ जणांच्या पट्ट्यांची ६३ कीटकनाशकांसाठी तपासणी झाली, तेव्हा एकेकाच्या पट्ट्यात त्यांतली दोन ते दहा सापडली. रक्त काढायचे नाही, लघवी साठवायची नाही, पाठीवर यंत्र बांधायचे नाही. शेतमजुरासाठी याहून सोयीचे साधन सुचणे अवघड.

पण सोय आहे म्हणूनच सावध राहायला हवे. उद्या कुणी संस्था किंवा निर्यातदार नाशिकच्या बागांत हे पट्टे वाटायला लागला, तर त्यातून येणारा अहवाल वाचणार कोण आणि कसा?

पहिली अडचण रसायनशास्त्राचीच आहे. सिलिकॉनला तेलाशी सलगी असलेले पदार्थ आवडतात. क्लोरपायरीफॉससारखे औषध त्यात चांगले मुरते. पाण्यात सहज विरघळणारे, विद्युतभारित क्षार त्यात जवळपास शिरतच नाहीत, आणि क्लोरमेक्वाट नेमके तसे आहे. पॅराक्वाट हे तणनाशकही तसेच. बोर्डो मिश्रणातले तांबे या पद्धतीने मोजलेच जात नाही. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावतात त्या पेस्टमधले हायड्रोजन सायनामाइडही पाण्याकडेच ओढ घेणारे आहे. हे औषध कातडी भाजते. त्याच्या संपर्कानंतर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, दम लागतो, कारण शरीराची दारू पचवण्याची वाटच ते अडवते. संध्याकाळी असा माणूस कोसळला की ‘जास्त झाली असेल’ म्हणून विषय संपतो. स्पंजाने दिवसभर पेस्ट लावलेल्या त्या माणसाच्या मनगटावर पट्टा असता, तरी अहवाल बहुधा कोराच आला असता. कोऱ्या अहवालाचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. नुकसानभरपाईच्या वादात तर तो कागद पहिल्यांदा पुढे येईल.

दुसरी अडचण आकड्याची. पट्टा सांगतो ते एका पट्ट्यात साचलेले नॅनोग्रॅम, शरीरात गेलेली मात्रा नव्हे. घाम, उन्हाचा ताप, पट्टा किती दिवस घातला, यावर आकडा हलतो. जेवणातून, पाण्यातून पोटात गेलेले त्यात येत नाही. अमुक आकड्याच्या वर गेले की मजूर आजारी, अशी सर्वमान्य रेषा नाही. फळाला मर्यादा आहे, मनगटाला नाही. गटागटांची तुलना करायला, ब्लोअर चालवणारा आणि विरळणी करणारी बाई यांच्यातला फरक दाखवायला पट्टा उत्तम. एका माणसाला ‘तू ठीक आहेस’ असे सांगायला तो निरुपयोगी आहे.

आणि अहवाल कुणाचा? मुकादमाकडे गेला, तर ज्याचा आकडा मोठा त्याला पुढच्या हंगामात बोलावणे येणार नाही. मग पट्टा खिशात ठेवून फवारणी होईल, आणि आकडे आणखी गोंडस दिसतील.

खरे तर शरीरावरचा परिणाम पाहण्याची तरतूद जुनीच आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे फवारणीच्या कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ऑरगॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट गटातली औषधे हाताळणाऱ्यांच्या रक्तातले कोलिनएस्टरेज हे एन्झाइम मोजण्याचीही तरतूद त्यात आहे. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा हीच साधी रक्तचाचणी वेळेवर होत नव्हती, अशी ओरड झाली. द्राक्षबागेत रोजंदारीवर येणाऱ्या टोळीसाठी कामावर घेणारा मालक कोणता धरायचा: आजच्या प्लॉटचा, कालच्या, की मुकादम? हे ठरल्याशिवाय मनगटावर पट्टा बांधला, तर अहवाल पाठवायलाही पत्ता सापडणार नाही.