धंदा शिकवा, पण हिशेबासकट

दिल्लीलगतच्या गाझियाबादच्या इंदिरापुरम, वसुंधरा, राजनगर एक्स्टेन्शन या भागांतल्या खासगी शाळांच्या जाहिराती पाहिल्या, की ‘कोडिंग’, ‘एआय’ आणि ‘आंत्रप्रेन्युअरशिप’ हमखास भेटतात, आणि तेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची भावंडे नोकरीनिमित्त दिल्लीच्या आसपास स्थायिक झाली आहेत. मुलांची शाळा निवडताना ती फोनवर आपलेही मत विचारतात, म्हणून हा विषय इथे मांडतो आहे.

‘एवढ्या लहान वयात धंदा कशाला?’ असे मी विचारणार नाही. वस्तू कशी बनते आणि पैसा कुठून येतो, हे बारा वर्षांच्या मुलाला कळायलाच हवे. माझा आक्षेप एवढाच, की या कार्यक्रमांतून हातकाम आणि हिशेब दोन्ही गळून जातात आणि देखावा तेवढा उरतो.

कागदावर सगळे उत्तम आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वयाच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावे असे सुचवले. एनसीईआरटीच्या ‘कौशल बोध’ पुस्तकात शेती-बागकामापासून यंत्रांपर्यंत आणि माणसांच्या सेवेपर्यंत तिन्ही तऱ्हांची कामे आहेत. पण प्रत्यक्षात निवड शाळा करते. करवत लागत नाही, भुसा सांडत नाही, बोट कापण्याची भीती नाही आणि पालकसभेत पडद्यावर झळकवता येते, असेच काम मग निवडले जाते.

माझ्या भाचीच्या शाळेत ‘बिझनेस डे’ झाला. तिने भेळेचा स्टॉल लावला. चाळीस रुपयांना एक, अशा चाळीस प्लेटी खपल्या. कुरमुरे, शेव, कांदे यांचे पाचशे वजा जाता अकराशे रुपये नफा झाला, म्हणून प्रमाणपत्रही मिळाले. रात्री जेवताना तिच्या आजोबांनी, म्हणजे निवृत्त बँकवाल्यांनी, वही मागितली.

“चटणीची चिंच, खजूर, गॅस?”

“ते घरचंच होतं, आजोबा.”

“म्हणजे फुकट? लिही अडीचशे. आजी तीन तास राबली, तिचे तासाला शंभर. टॅक्सीचे दोनशे.”

साडेतीनशे उरले. मग आजोबांनी विचारले, “गिऱ्हाईक सगळे तुमचेच आईबाप. रस्त्यावरच्या माणसाने किती दिले असते?” ती जरा विचार करून म्हणाली, “वीस.” आणि लगेच स्वतःच आकडेमोड करून ओरडली, “अहो आजोबा, मग तर साडेचारशेचा तोटाच!”

धंद्याचा खरा तास तो होता. तो शाळेत व्हायला हवा होता.

आणि त्यासाठी गाझियाबादइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. साहिबाबादच्या औद्योगिक पट्ट्यात आणि बुलंदशहर रोडला लेथ, प्रेस, वेल्डिंगची छोटी युनिटे आहेत. उत्तर प्रदेशाच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत गाझियाबादच्या नावावर अभियांत्रिकी सामानच आहे. साहिबाबादेतल्याच सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ साली देशातला पहिला सौर सेल बनवला. त्याच शहरातले मूल सौरऊर्जेवर झकास स्लाइड करते, पण दोन तारा कधी डाखत नाही.

याला पर्याय आपल्या मराठी मुलखातच घडला आहे. अमेरिकेत डॉक्टरेट करून हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ विषयात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग. मुले गावाला लागणारी कामे करून देतात आणि प्रत्येक वस्तूची किंमत काढायला शिकतात. उत्तर प्रदेश सरकारने आपल्या सहावी ते आठवीच्या शाळांत ‘लर्निंग बाय डूइंग’ आणले, तेव्हा मदतीला याच पाबळच्या मंडळींना घेतले.

इथे एक पालक म्हणतील, “आम्ही एवढी फी भरतो ती पोराने पत्रा कापावा म्हणून?” खरे दुखणे हेच आहे. गरिबाच्या पोराला हातोडी आणि पैसेवाल्याच्या पोराला स्लाइड, अशी वाटणी आपण बिनबोभाट करून टाकली आहे. पहिल्याला बाजार कळत नाही, दुसऱ्याला माल कळत नाही. मुलांना खऱ्या बाजारात उतरवण्याचा एक प्रयत्न मात्र झाला: दिल्ली सरकारने २०२१मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’मधून अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी दोन हजार रुपये भांडवल दिले. त्याच्या जाहिरातबाजीवर टीका करा खुशाल. पण तिथे पैसे खरे होते आणि ते बुडूही शकत होते.

दुसरा आक्षेप असा, की एआयच्या जमान्यात हातकाम जुनाट. मला उलटे वाटते. तयार कोड यंत्र लिहून देऊ लागले आहे. त्यामुळे काय बनवायचे, ते कोणाला हवे आहे आणि परवडते का, हे ठरवणाऱ्याची किंमत वाढणार. ते पडद्यावर बोट फिरवून येत नाही.

हे काही नवेही नाही. १९१९ साली अमेरिकेत ‘ज्युनियर अचीव्हमेंट’ स्थापन झाली, मुलांना छोट्या कंपन्या चालवायला लावणारी. त्याच वर्षी सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ रुजवले. आपल्या मुलांना या दोन्ही वाटा ठाऊक असाव्यात.

तेव्हा भारतातून फोन आला, तर शाळेला विचारायला सांगा: वस्तू मुलांनी स्वतः बनवली का? घेणारा अनोळखी होता का? आणि तोटा झालेल्या मुलाची वही वर्गात वाचली गेली का? आपणही मागे राहू नये. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या स्टॉलला टेबलाचे भाडे लावू या, आणि एक बक्षीस नफा-तोटा काहीही असो, सर्वांत चोख हिशेबाला ठेवू या.